मोंबासात अडकलेली गाडी

प्रताप रणनवऱ्यांच्या बेसमेंटमध्ये पिंगपाँगचं टेबल आहे. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीच्या सभा त्या टेबलाभोवती होतात, मधली जाळी काढून ठेवून. डिसेंबर २००६ मधल्या एका रविवारी दुपारी तिथे सगळी कार्यकारिणी जमली, चहा झाला, चिवडा झाला, आणि मग प्रतापने त्र्यंबक भुस्कुट्यांपुढे एक वाक्य ठेवलं. 'कागदपत्रांच्या पूर्ततेसाठी गाडी मोंबासा बंदरात अडकली आहे.' संक्रांतीला निघणाऱ्या वार्तापत्रात हे वाक्य त्र्यंबकरावांच्या सहीने छापायचं होतं.

गाडी मोंबासात अडकलेली नव्हती. गाडी नव्हतीच. मंडळाने एका दवाखान्याच्या गाडीसाठी देणग्या गोळा करून जमवलेले पैसे ईमेल लिहिणाऱ्या चोरांनी नेले होते, आणि हे त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. इतकंच नव्हे, ते वाक्यही चोरांचंच होतं. त्यांच्या शेवटच्या पत्रातून उचलून प्रतापने त्याचं मराठी केलं होतं.

त्र्यंबकराव म्हणाले, मी सही करणार नाही.

"अहो, तुमचीच अब्रू वाचवतोय आम्ही," प्रताप म्हणाला. प्रताप मंडळाचा अध्यक्ष. माणसं पुरवणारी त्याची आयटी कंपनी आहे, आणि बोलताना तो समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. "लोक हसतील, त्र्यंबकराव. नायजेरियन प्रिन्सचे जोक माहितीयत ना? तुमच्यासारखा माणूस, तीस वर्षं ऑटो इंडस्ट्रीत, आणि आफ्रिकेतल्या लोकांवर विश्वास ठेवला. सॉरी, पण यार..."

कोणीतरी हसलं. हसणाऱ्याने लगेच चिवड्याकडे हात नेला.

"मला खरं सांगणारा माणूस आफ्रिकेतलाच होता," त्र्यंबकराव म्हणाले. "तुमच्यापैकी कोणी नव्हता." आणि कोट घालून ते जिना चढून गेले.

हे त्र्यंबकराव कोण, ते आधी सांगायला हवं. कारण ट्रॉयमध्ये आता त्यांची ओळख एवढीच उरली आहे, की ईमेलवाल्यांनी गंडवलेले ते काका. तीन दशकं एका गावात राहिलेल्या माणसाचं एवढंसं करून टाकायला आमच्या लोकांना एक हिवाळा पुरला.

ते मिरजेचे. सांगलीच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन सत्तरच्या दशकात मिशिगनला शिकायला आले आणि डेट्रॉइटच्या आसपासच राहिले. मोठ्या कार कंपन्यांना शॉक अॅब्सॉर्बर पुरवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली. गाडी खड्ड्यातून गेली की आपलं डोकं छताला आपटत नाही, ते त्या तेल भरलेल्या नळकांड्यामुळे. त्र्यंबकरावांनी आयुष्यभर फक्त तेवढंच केलं. लग्नाला गेले तरी हॉलच्या पार्किंगमध्ये ते कोणाच्या तरी गाडीच्या मागे उकिडवे बसलेले सापडत. बायको, अहिल्याबाई, लांबूनच हाक मारी, "अहो, उठा आता, अक्षता पडल्या." ते उठत, गुडघे झाडत, आणि गाडीच्या मालकाला शोधून काढून सांगत, की डावीकडच्या मागच्या चाकाकडे बघ, तेल गळतंय. मालकाला बहुतेक ते आवडत नसे.

१९९६ मध्ये कारखान्याने त्यांना केनियाला पाठवलं. एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या पांढऱ्या फोर बाय फोर गाड्या तिथे उत्तरेकडच्या ओसाड मुलखात फिरत, आणि त्यांचे शॉक अॅब्सॉर्बर महिन्याभरात फुटत. तो रस्ता म्हणजे पत्र्याच्या छपरासारखा लाटालाटांचा. त्यावरून गाडी धावली की नळकांड्यातलं तेल उकळायला लागतं, त्याला फेस येतो, आणि मग सील जातं. प्रयोगशाळेत हे कधीच झालं नव्हतं, कारण प्रयोगशाळेत कोणी तसा रस्ता केला नव्हता. त्र्यंबकराव तिथे ओटिएनो नावाच्या मेकॅनिकबरोबर राहिले. दोघे गाडीत बसून तोच रस्ता पुन्हापुन्हा धावत आणि खाली उतरून नळकांड्यांना हात लावून बघत. एका खेपेला परतताना त्यांच्या गाडीत वाटेतल्या वस्तीवरच्या एका आजारी बाईला घेतलं. ती दवाखान्यात पोचली आणि जगली. यावर त्र्यंबकराव फारसं बोलत नसत. पण पांढऱ्या रंगाची, दारावर निळं चिन्ह असलेली ती गाडी त्यांच्या मनात यंत्र राहिली नव्हती. तिच्या बाबतीत त्यांची बुद्धी थोडी मवाळ झाली होती, आणि चोरांनी नेमका तिथेच हात घातला.

त्यांची मामेबहीण रेणू डॉक्टर आहे. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या पलीकडे डोंगरात तिचा लहानसा दवाखाना आहे. २००४ मध्ये त्र्यंबकराव आणि अहिल्याबाई तिथे राहून आले. त्यांच्या डोळ्यांदेखत चार जणांनी बांबूला झोळी बांधून एक बाळंतीण आणली. पहाटे निघालेली माणसं दुपारी पोचली होती. बाई वाचली, मूल वाचलं नाही. रेणूने हात धुतले आणि म्हणाली, "दादा, मला एक जीप दे. साधी, नाशिकला बनते तसली. जुनी चालेल. इथला कोणीही पोरगा ती दुरुस्त करू शकतो."

त्र्यंबकरावांनी हो म्हटलं आणि ट्रॉयला येऊन मंडळापुढे विषय ठेवला. मंडळाने उचलून धरला. गणपतीत वडापावचा स्टॉल लावला, नाटक बसवलं, देणगीदारांच्या नावांची यादी वेबसाइटवर झळकवली. पण जीप कोणाला पसंत पडेना. जीप तर कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते. अमेरिकेतल्या मंडळाने द्यायचं तर ते दिसलं पाहिजे, असं प्रतापचं म्हणणं. डोंगरातल्या गाडीचं एक चित्र आधीच त्याच्या डोक्यात होतं, आणि ते मंडळाच्या रौप्यमहोत्सवी अंकाच्या मुखपृष्ठावर बसणारं होतं. मंडळाने वेबसाइटवर इंग्रजीत आवाहन टाकलं: आदिवासी भागातल्या दवाखान्यासाठी दणकट ऑफ-रोड गाडी हवी आहे. संपर्कासाठी त्र्यंबकरावांचा ईमेल दिला. जाळ्यात मासा येतो म्हणतात. इथे माशानेच आपला पत्ता छापून दिला होता.

२००६ च्या वसंतात पत्र आलं. त्याच मदतसंस्थेच्या, केनियातल्या मोंबासा इथल्या परिवहन अधिकाऱ्याचं, म्हणजे पत्र तसं म्हणत होतं. संस्था आपल्या वापरलेल्या गाड्या धर्मादाय कामाला विनामूल्य देते. तुमचं आवाहन वाचलं. एक गाडी तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. हस्तांतराचं शुल्क, बंदराचं शुल्क आणि जहाजाचा विमा तेवढा तुमच्याकडे.

ज्ञानदा, त्यांची मुलगी, तेव्हा अॅन आर्बरला शिकत होती. पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचूनच ती म्हणाली, "बाबा, इट्स अ स्कॅम. डिलीट इट." त्र्यंबकरावांनी डिलीट केलं नाही. ते त्यांच्या पद्धतीने तपासायला बसले. माणूस कसा फसतो हे बघायचं असेल तर त्यांची ही पद्धत बघावी. ती मूर्खाची नव्हती.

पहिली गोष्ट, केनियात गाड्या डावीकडून चालतात, आपल्यासारख्या. म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. अमेरिकेतून पाठवलेली गाडी भारतात चालली नसती, ही चालली असती. मोंबासाहून मुंबई समुद्रमार्गे जवळही. हा मुद्दा चोरांनी लिहिलेला नव्हता. त्र्यंबकरावांना तो आपला आपण सुचला, आणि स्वतःला सुचलेल्या मुद्द्यावर माणूस जेवढा विश्वास ठेवतो तेवढा दुसऱ्याच्या शपथेवर ठेवत नाही.

दुसरी गोष्ट, त्यांनी फोटो मागवले. गाडीचे नव्हे, गाडीच्या पोटाचे. चासीचे, मागच्या आसाचे, शॉक अॅब्सॉर्बरच्या जोडाचे. आठवड्याने फोटो आले. मागच्या चाकाशी त्यांच्याच कारखान्याचं नळकांडं होतं, १९९६ नंतर त्यांनी स्वतः बदललेल्या घडणीचं. वेल्डिंगची ती किंचित वाकडी रेघ त्यांनी ओळखली. त्या दिवशी ते घरी आले ते शीळ घालत. गाडी खरी होती. कुठेतरी, कोणाच्या तरी आवारात, ती खरोखर उभी असेल, आणि तिचे फोटो कोणीही काढू शकलं असतं किंवा कुठूनही उचलू शकलं असतं. पण त्यांनी गाडी तपासली. ती देणारा माणूस तपासला नाही. जन्मभर त्यांनी माणसांना पार्टवरूनच पारखलं होतं. पार्ट चांगला तर पुरवठादार चांगला.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आगाऊ पैसे. ज्या गोष्टीने तुम्हीआम्ही सावध झालो असतो, तिने ते निर्धास्त झाले. त्यांच्या धंद्यात नवा पार्ट बनवून घ्यायचा तर आधी साचा बनवावा लागतो. त्या साच्याचे पैसे गिऱ्हाईक आधी मोजतं. मग नमुना येतो, तो पास होतो, मग आणखी पैसे, आणि मग कुठे माल. नमुना पास झाला होता. म्हणून त्यांनी पहिलं शुल्क पाठवायला सांगितलं, मग दुसरं, मग तिसरं. भारतात जुन्या गाडीवर केवढी तरी ड्यूटी बसते, ती दवाखान्याला माफ होईल का, हे त्यांनीच विचारलं. माफीचं प्रमाणपत्र कसं असतं, त्यात काय मजकूर लागतो, हेही त्यांनीच सविस्तर लिहून विचारलं. चोरांनी तोच मजकूर शिक्क्यासह परत पाठवला. प्रत्येक पत्रव्यवहाराची प्रत ते सगळ्या देणगीदारांना पाठवत, सगळ्यांचे ईमेल वर ओळीने मांडून. हिशेब उघडा असावा, म्हणून.

कार्यकारिणीतल्या एकाने तरी तेव्हा शंका काढली असेल? मी विचारून बघितलं. कोणी काढली नव्हती. प्रतापने मुखपृष्ठ छापायला टाकलं होतं. धनादेशावर त्र्यंबकरावांची सही नव्हतीच. ती प्रतापची आणि खजिनदाराची.

नोव्हेंबरात चोरांनी चौथं शुल्क मागितलं. कागदपत्रांसाठी गाडी बंदरात अडकली आहे, म्हणे. त्र्यंबकरावांना अजूनही शंका आली नव्हती. त्यांना काळजी होती ती निराळीच. फोटोतल्या उजव्या बाजूच्या नळकांड्यावर त्यांना तेलाचा डाग दिसत होता. धडगावच्या घाटात ते नळकांडं जायला नको. म्हणून त्यांनी ओटिएनोला फोन केला. त्याचं आता नैरोबीला स्वतःचं वर्कशॉप होतं. मोंबासाला जाऊन, जहाजावर चढायच्या आधी, तेवढे मागचे दोन बदलशील का?

ओटिएनो बसने गेला. दोन शॉक अॅब्सॉर्बर पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन, रात्रभर. पत्ता शोधण्यात दिवस गेला; संध्याकाळी तिथे पोचल्यावर त्याने फोन केला. त्र्यंबकराव तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवत होते.

"मिस्टर त्र्यंबक, इथे भिंत आहे," तो म्हणाला. "आत कॉफीच्या पोत्यांचं गोदाम आहे. गाडी नाही. वॉचमन म्हणतो, गाडी शोधत येणारा मी पहिला नाही." मग म्हणाला, "आमच्या देशाचं नाव वापरलं त्यांनी. मला शरम वाटते."

शरम ओटिएनोला वाटली. बसचं भाडंही त्याने घेतलं नाही. आणि इकडे बेसमेंटमध्ये माणसं त्या लोकांवर विश्वास ठेवलाच कसा म्हणून विचारत होती. कोणते ते लोक? पैसे उचलले गेले ते आफ्रिकेत नव्हेच, युरोपातल्या एका शहरातल्या मनी-ट्रान्सफरच्या काउंटरवर, बनावट नावाने. पत्रं लिहिणारा कुठे बसला होता हे आजही कोणाला माहीत नाही. तो मोंबासात असेल, मुंबईत असेल, किंवा ट्रॉयमधल्याच एखाद्या उबदार बेसमेंटमध्येही असेल. पण चोराला चेहरा द्यायची वेळ आली की आपण तो क्षणात देतो, आणि त्याचा रंग आपल्याहून एक छटा गडद असतो. वर्णाच्या नावाने आपल्याला इथे विमानतळावर बाजूला काढलं की आपण तीन दिवस पेटलेले असतो.

त्र्यंबकरावांनी सगळीकडे कळवलं. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवलेत. तक्रारींच्या सरकारी वेबसाइटने पोच म्हणून एक नंबर दिला, आणि तो नंबर पुढे कुठेच लागला नाही. खऱ्या मदतसंस्थेकडून छापील उत्तर आलं: आम्ही ईमेलवरून गाड्या देत नाही, आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. गैरसोय.

रेणूला मात्र फोन करावा लागला. ती रडेल, समजूत घालेल, असं त्यांना वाटत होतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि ती संतापली. "एवढ्या पैशात माझ्या दोन जीपा आल्या असत्या, दादा. नव्या. मी जीपच मागितली होती. तुम्हाला आफ्रिकेतली गाडी कोणी मागितली होती?" तिने शेवटी एवढंच विचारलं, की ज्यांनी पैसे दिले त्यांना तू सांगितलंस का. ते म्हणाले, सांगणार आहे. त्या एका गोष्टीवर ते अडून बसले ते तेव्हापासून. पैसे गेले ते गेले. पण ज्यांचे गेले त्यांना ते गेल्याचं कळलं पाहिजे. तरच उद्या कोणी पुन्हा देईल आणि रेणूची जीप कधीतरी येईल. खोट्याच्या पायावर दुसऱ्यांदा वर्गणी मागता येत नाही.

म्हणून त्या रविवारी त्यांनी सही केली नाही.

वाक्य छापून आलंच. सहीच्या जागी 'प्रकल्प-समन्वयकांकडून कळते की' एवढी भर घातली होती, आणि समन्वयक म्हणजे त्र्यंबकराव हे सगळ्यांना माहीत होतं. जानेवारीच्या थंडीत ते वार्तापत्र घरोघर पोचलं, आतल्या पानावर तिळाच्या वड्यांची कृती, आणि खाली ते. त्र्यंबकराव खुलासा लिहून सगळ्यांना पाठवायला निघाले होते. अहिल्याबाईंनी अडवलं. त्याच महिन्यात कारखान्याने जुन्या माणसांना पैसे देऊन घरी बसवायला सुरुवात केली होती, आणि त्र्यंबकरावांचंही टेबल रिकामं झालं होतं. अहिल्याबाई म्हणाल्या, "अहो, एक घर तरी राहू दे आपल्याला जायला. लोक विसरतील." त्यांनी ऐकलं. जानेवारी गेला. फेब्रुवारी जवळजवळ गेला. रोज सकाळी ते ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत आणि आत येऊन बसत. वाण्याच्या दुकानात भेटणारी मंडळी हळूच विचारत, मग काय, मोंबासाची काही खबर? कुत्सितपणे विचारणारे वेगळे आणि खरंच विचारणारे वेगळे, हे त्यांना डोळ्यांवरून कळे. दोघांनाही ते उत्तर देत नसत.

मग सुचित्रामावशींचा फोन आला.

सुचित्रामावशी सत्तरी ओलांडलेल्या. यजमान वारल्यावर मुलाकडे, गिरीशकडे, ट्रॉयला राहायला आलेल्या. दिवसभर घरात एकट्या. ईमेल वाचायला नातवाने शिकवलेलं. गाडीसाठी त्यांनी गणपतीत पहिली देणगी दिली होती. फोनवर त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "त्र्यंबक, माझी बंदराची फी पोचली का रे? त्यांनी पोच पाठवली नाही अजून."

त्र्यंबकराव गेले, आहेत तसे, घरातल्या चपलांवर, बर्फातून.

चोरांनी देणगीदारांना एकेकट्याने लिहिलं होतं. पत्ते त्यांच्याकडे होतेच, त्र्यंबकरावांनीच ओळीने मांडून दिलेले. गाडी कागदपत्रांसाठी बंदरात अडकली आहे, तुमचं मंडळ दमलं आहे, आपल्यासारख्या एखाद्या उदार व्यक्तीने शेवटचं शुल्क भरलं तर गाडी सुटेल. बाकीच्यांनी ते पत्र पुसून टाकलं असेल. मावशींनीही आधी शंका घेतली होती. त्यांनी पत्र तसंच ठेवलं आणि मंडळाचं वार्तापत्र यायची वाट बघितली.

"मी काय बावळट आहे का?" स्वयंपाकघरात बसून मावशी सांगत होत्या. "म्हटलं, मंडळ काय म्हणतं ते बघू. तर तुझ्या नावाने छापून आलं, अगदी तेच. अडकलीय म्हणून. मग मी पाठवले. ह्यांच्या पेन्शनीतले."

"मावशी, गाडी नाहीये."

"म्हणजे सुटली?"

"नव्हतीच कधी. मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

मावशींनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं. गिरीशला सांगू नकोस म्हणाल्या. तो रागावणार नाही, पण ईमेलचा पासवर्ड बदलेल. मग त्या म्हणाल्या, "एकदा पाठवले, तर त्यांनी आणखी मागितले. दुसऱ्यांदाही पाठवले. मला तेव्हा वाटलं होतं, तुला विचारावं. पण लोक तुझ्याबद्दल बोलताना काय हसायचे, ते मी हळदीकुंकवाला ऐकलं होतं. म्हटलं, आपल्यालाही हसतील."

मला राग येतो तो इथे. चोर चोरी करतो. त्याचं काम तो मन लावून करतो, रजा घेत नाही. पण ही माणसं? शिकलेली, आठवड्याला एकदा कुठल्यातरी सभागृहात संस्कृतीवर बोलणारी, मुलांना शनिवारी मराठी शाळेत घालणारी. चोराचं वाक्य त्यांनी स्वच्छ मराठीत केलं, मंडळाचं बोधचिन्ह त्याच्या डोक्यावर लावलं, आणि टपालाचा खर्च सोसून ते एका म्हाताऱ्या बाईच्या घरी पोचवलं. चोरांना जी विश्वासाची मोहोर बनवता आली नव्हती, ती यांनी फुकट मारून दिली. कशासाठी? चारचौघांत हसू होऊ नये म्हणून. आणि ते हसूही यांचंच होतं. बाहेरचं कोणी हसत नव्हतं.

घरी येऊन त्र्यंबकरावांनी अहिल्याबाईंना सगळं सांगितलं. अहिल्याबाईंनी कपाटातून नवऱ्याचा चांगला कोट काढून दारामागे टांगला आणि म्हणाल्या, "पाडव्याच्या कार्यक्रमाला जायचंय आपल्याला."

मंडळाचा पाडवा एका शाळेच्या सभागृहात असतो. मार्चअखेरचा शनिवार, बाहेर पार्किंगच्या कडेला बर्फाचे काळे पडलेले ढीग, आत नऊवाऱ्या आणि अत्तर. गुढी व्यासपीठावर, मायक्रोफोनच्या स्टँडशेजारी. त्र्यंबकरावांनी आधी रीतसर वेळ मागितली होती. प्रतापने वेळापत्रक भरगच्च आहे म्हणून कळवलं होतं. लहान मुलांचा नाच संपला आणि प्रताप जेवणाची सूचना द्यायला उठला, तेव्हा ते आपले चालत व्यासपीठावर गेले आणि मायक्रोफोनशी उभे राहिले.

ते वक्ते नाहीत. त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली, की गाडी मोंबासात अडकलेली नाही, गाडी कधी नव्हतीच, पैसे चोरीला गेले आणि त्या चोरीत चूक माझी होती. वार्तापत्रातलं वाक्य मी लिहिलेलं नाही, पण ते छापल्यावर दोन महिने गप्प बसलो, तेही माझंच. सभागृहात कुजबुज झाली. मागे कोणीतरी हसलं. केटररची माणसं श्रीखंडाच्या वाट्या मांडायची थांबली.

प्रताप जवळ आला, खांद्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने मायक्रोफोन आपल्याकडे वळवला. त्र्यंबकरावांच्या भावना आपण सगळे समजू शकतो, तो म्हणाला. नुकतीच त्यांची नोकरी गेली आहे, तो एक ताण असतो. मंडळाने जे केलं ते प्रकल्पाच्या हितासाठी केलं. विषय आपण योग्य वेळी, योग्य व्यासपीठावर घेऊ. "आणि एक लक्षात घ्या मित्रांनो, त्या एका ओळीने कोणाचं काही नुकसान झालेलं नाही. पुऱ्या गरम आहेत. चला."

खुर्च्या सरकल्या. लोक उठू लागले. त्र्यंबकरावांच्या तोंडाशी नाव आलं होतं, ते दिसत होतं. त्यांनी ते गिळलं. त्यांनी मावशींना शब्द दिला होता.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून सुचित्रामावशी उभ्या राहिल्या. गिरीश शेजारी होता. त्याला वाटलं, त्या जेवायला उठल्या. त्याने पर्स हातात घेतली.

"माझं झालंय," मावशी म्हणाल्या.

आवाज बारीक होता, पण पुढच्या रांगांत पोचला. गिरीशने विचारलं, आई, काय झालंय? त्या त्याच्याकडे न बघता प्रतापकडे बघून म्हणाल्या, "तुमचं वाचून मी पैसे पाठवले. दोनदा. आता म्हणा, नुकसान झालं नाही."

प्रताप तत्परतेने म्हणाला, "मावशी, तुम्ही आधी बसा. बसा बघू. आपण बोलू."

"मी बसणार नाही. त्याला बोलू द्या."

आणि त्या बसल्या नाहीत. काठी नव्हती, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या राहिल्या. गिरीश पर्स धरून तसाच शेजारी उभा राहिला. सत्तरी ओलांडलेली बाई समोर उभी असताना तिच्याकडे पाठ करून ताट घ्यायला जायचं, हे आमच्या लोकांना अजून जमत नाही. बाकी बरंच जमायला लागलं आहे. अर्धवट उठलेले लोक पुन्हा बसले. दारापर्यंत गेलेले भिंतीला टेकून थांबले. प्रतापचा हात खांद्यावरून खाली आला.

त्र्यंबकरावांनी मायक्रोफोन सरळ केला आणि पहिल्यापासून सांगितलं. रेणूने काय मागितलं होतं आणि आपण काय द्यायला निघालो. फोटो कसे तपासले, आगाऊ पैसे आपल्याला का खटकले नाहीत. कोणाला असं पत्र आलं तर कोणाला कळवायचं, आणि तिथे कोणी ऐकणार नाही तरी का कळवायचं. ओटिएनोचं नाव त्यांनी दोनदा उच्चारलं, नीट, थांबून, की ज्याला ऐकायचं त्याला ऐकू यावं. मग म्हणाले, जीपेसाठी मी पुन्हा मागायला येणार आहे, तुमच्या दारात, एकटा. नाही म्हणालात तरी चालेल, पण दार उघडा.

पुऱ्या केव्हाच गार झाल्या होत्या. मावशी उभ्या होत्या.